पौर्णिमेच्या चंद्राचें छायाचित्र

कोजागिरीची रात्र. पाऊस नुकताच सरलेला, आकाश धुऊन पुसून ठेवल्यासारखें स्वच्छ झालेलें. गच्चीवर दूध आटत आहे, मुलांची धांवपळ चालू आहे, आणि घरांतील एक हौशी गृहस्थ नवा कॅमेरा घेऊन कठड्याशीं उभा आहे. चंद्र समोर आहे, पूर्ण आहे, तेजस्वी आहे. तो कोठें पळून जात नाहीं, आणि फोटोसाठीं नीट बैस म्हणून त्याला सांगावेंहि लागत नाहीं. याहून सोपें गिऱ्हाईक छायाचित्रकाराला मिळणार तरी कोठें? कळ दाबली जाते. सर्वजण भोंवतीं जमतात. आणि पाहतात तों काय, काळ्या पाटीवर खडू टेंकवावा तसा एक पांढरा ठिपका! त्यावर ना ससा, ना हरिण, ना कसला डाग. घरांतील धाकटी मुलगी विचारते, "बाबा, हा चंद्र आहे कीं रस्त्यावरचा दिवा?"

श्रोतेहो, मुलीचा प्रश्न अगदीं रास्त आहे. डोळ्यांनीं पाहिलेला चंद्र आणि कॅमेऱ्यानें टिपलेला चंद्र यांत एवढें अंतर कां पडावें? चूक यंत्राची आहे असें बहुतेकांना वाटतें, आणि मग अधिक महागाचें यंत्र घेण्याचा विचार सुरू होतो. वास्तविक यंत्रानें आपलें काम चोख केलेलें असतें. चूक असते ती चंद्राविषयींच्या समजुतींत. चंद्र हा अंधारांतला मंद दिवा आहे, तो आकाशांत चांगला मोठा आहे आणि तो एका जागीं स्थिर आहे, या तीन गोष्टी मनुष्याला इतक्या उघड वाटतात कीं, त्या तपासून पाहण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. या तिन्ही गोष्टी खऱ्या नाहींत. त्या सोडून दिल्यावांचून चंद्राचें छायाचित्र साधत नाहीं.

प्रथम तेजाची गोष्ट घ्यावी. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाहीं हें शाळेंतलें मूलहि सांगेल; पण त्यांतून काय निष्पन्न होतें इकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. सूर्यापासून चंद्राचें अंतर जवळ जवळ पृथ्वीइतकेंच आहे. म्हणजे पौर्णिमेला दिसणारी चंद्रभूमि ही भर उन्हांत तापत असलेली भूमि होय. रात्र आहे ती पाहणाऱ्याच्या गच्चीवर. चंद्राच्या समोरच्या अंगावर त्या वेळीं लख्ख दिवस आहे. अर्थात् उन्हांतल्या डोंगराचा फोटो जेवढ्या वेळांत घेतात, साधारण तेवढ्याच वेळांत चंद्राचाहि घेतला पाहिजे. कॅमेरा आपण होऊन हिशेब करूं लागला कीं फसतो. त्याच्या चौकटींत बहुतेक सगळें काळें आकाश असतें आणि चंद्र एका कोपऱ्याएवढाहि नसतो. तो बिचारा काळोखाची सरासरी काढतो, शटर फार वेळ उघडें ठेवतो, आणि चंद्र करपून नुसता पांढरा होतो.

म्हणून पहिला नियम असा कीं, यंत्राची स्वयंचलित व्यवस्था बंद करावी आणि मापें स्वतः ठरवावीं. जुन्या फोटोग्राफरांमध्यें यासाठीं एक साधें सूत्र चालत आलें आहे. भिंगाचें छिद्र एफ/११ या खुणेवर ठेवावें, आणि फिल्मच्या संवेदनक्षमतेचा जो आंकडा असेल, सेकंदाच्या तितकाव्या भागापुरतें शटर उघडावें. आंकडा १०० असला तर सेकंदाचा शंभरावा भाग, २०० असला तर दोनशेवा भाग. फिल्म जाऊन तिच्या जागीं इलेक्ट्रॉनिक फलक आला तरी हें सूत्र बदललेलें नाहीं. उन्हांतल्या दृश्यासाठीं असेंच एक सूत्र आहे, पण त्यांत छिद्र एफ/१६ चें, म्हणजे याच्या निम्मा प्रकाश आंत घेणारें असतें. चंद्राला दुप्पट प्रकाश कां लागावा? कारण चंद्रभूमि मुळांत काळसर आहे. तिच्यावर पडलेल्या प्रकाशाच्या शंभर भागांपैकीं अवघे बारा-एक भाग ती परत फेंकते. रुप्याच्या ताटाची उपमा ज्याला शोभते असें वाटतें, तो चंद्र झिजलेल्या डांबरी रस्त्याइतकाच उजळ आहे. भोंवतालच्या काळ्या आकाशामुळेंच तो एवढा शुभ्र भासतो.

दुसरी गोष्ट आकाराची. हात पुरा लांब करून चिमटींत मटाराचा एक दाणा धरला तर पौर्णिमेचा चंद्र त्याच्याआड झांकून जातो. आकाशांत त्याची रुंदी अवघी अर्धा अंश आहे. भिंगाच्या नाभ्यंतराला सुमारें ११० नीं भागलें म्हणजे चित्रांत चंद्र किती रुंद उतरेल तें कळतें. नेहमींच्या कॅमेऱ्याचें ५० मिलिमीटरचें भिंग घेतलें तर फिल्मवर अर्धा मिलिमीटरहि भरत नाहीं. ५०० मिलिमीटरचें भिंग लावलें तर साडेचार मिलिमीटर, आणि १००० मिलिमीटरची लहान दुर्बीण जोडली तर नऊ मिलिमीटर. ससा दिसावा असें वाटत असेल तर निदान ५०० मिलिमीटरची तरी सोय हवी. ती नसेल तर शेजारच्या कोणाकडे असलेल्या दुर्बिणीच्या नेत्रिकेला कॅमेरा टेंकवूनहि बरेंच साधतें. कित्येकांचा श्रीगणेशा असाच झालेला आहे.

क्षितिजावर उगवणारा चंद्र तर गाडीच्या चाकाएवढा वाटतो. तो सगळा मनाचा खेळ आहे. कागदाची सुरळी करून तिच्यांतून पाहिलें कीं तो एकदम आपल्या खऱ्या मापाचा होतो. कॅमेऱ्याला हा भ्रम होत नाहीं. उगवतांना घेतलेला आणि मध्यरात्रीं माथ्यावर आल्यावर घेतलेला, असे दोन फोटो शेजारीं ठेवले तर क्षितिजावरचा चंद्र तसूभरहि मोठा भरत नाहीं. उलट केंसभर लहान भरतो, कारण त्या वेळीं पाहणारा त्याच्यापासून पृथ्वीच्या जवळ जवळ त्रिज्येइतका अधिक दूर असतो. चंद्राच्या आकारांत खरा फरक पडतो तो निराळ्या कारणानें. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळें त्याचें अंतर सुमारें ३,५६,००० पासून ४,०६,००० किलोमीटरांपर्यंत बदलतें, आणि सर्वांत जवळची पौर्णिमा सर्वांत दूरच्या पौर्णिमेहून शेंकडा चौदा टक्क्यांच्या आसपास मोठी दिसते. हें नुसत्या डोळ्यांनीं ओळखूं येत नाहीं, कारण आठवणींतला चंद्र मोजतां येत नाहीं. पण तेंच भिंग लावून एका वर्षांतील सगळ्या पौर्णिमा टिपल्या, आणि ते फोटो ओळीनें मांडले, तर चंद्राची कक्षा गोल नाहीं हें घरबसल्या सिद्ध होतें. याला खर्च कांहीं नाहीं. नियमितपणा मात्र हवा.

तिसरी गोष्ट स्थिरतेची. पृथ्वीच्या फिरण्यामुळें चंद्र आपल्या रुंदीइतकें अंतर दोन मिनिटांत ओलांडतो. मोठें भिंग चंद्राबरोबर त्याची गतिहि मोठी करतें. पाव सेकंद जरी शटर उघडें राहिलें तरी विवरांच्या कडा पुसट होऊं लागतात. त्यांत हाताचा कंप असतो, आणि कळ दाबतांना बसणारा झटका असतो. यास्तव तीन पायांची घोडी, म्हणजे ट्रायपॉड, ही चैन समजूं नये. कळ दाबून दोन सेकंदांनीं आपोआप शटर उघडेल अशी योजना बहुतेक कॅमेऱ्यांत असते. तिचा उपयोग करावा, म्हणजे बोटाचा झटका शमायला अवसर मिळतो.

आतां, चित्राला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो ही सोय अलीकडची आहे. ज्यांना ती नव्हती त्यांनीं काय केलें, याची कथा ऐकण्यासारखी आहे. छायाचित्रणकला १८३९ सालीं जगापुढें आली. दुसऱ्याच वर्षीं, १८४० सालीं, न्यूयॉर्क येथील जॉन विल्यम ड्रेपर या रसायनशास्त्राच्या अध्यापकानें रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चंद्राचें चित्र उमटविलें. त्यासाठीं त्याला वीस मिनिटें प्रकाश घ्यावा लागला. वीस मिनिटांत चंद्र आपल्या रुंदीच्या दसपट सरकतो हें ध्यानांत घेतलें, म्हणजे त्या कामांतील कष्टांची कल्पना येते. पुढें अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेंत व्हिपल नांवाच्या छायाचित्रकारानें बाँड या ज्योतिष्याच्या साह्यानें मोठ्या दुर्बिणीतून चंद्राचीं सुरेख चित्रें घेतलीं, आणि १८५१ सालीं लंडनच्या महाप्रदर्शनांत तीं मांडण्यांत आलीं.

त्या प्रदर्शनांत वॉरन डे ला रू या नांवाचा एक कारखानदार आला होता. ज्योतिष हा त्याचा व्यवसाय नव्हता. त्याच्या वडिलांचा कागदाचा आणि छपाईचा मोठा धंदा होता आणि तो त्यांत भागीदार होता. त्यानें त्या प्रदर्शनांत मांडलें होतें तें लिफाफे घडी घालणारें यंत्र. या घराण्याचा संबंध हिंदुस्थानाशींहि आलेला आहे. १८५५ पासून सुमारें सत्तर वर्षें हिंदुस्थानचीं टपालाचीं तिकिटें याच कंपनीनें छापलीं, आणि १९२५ सालीं नाशिकरोडचा सरकारी छापखाना निघाल्यावर तें काम इकडे आलें. तर या गृहस्थानें बाँड-व्हिपलचा चंद्र पाहिला आणि त्याला वेड लागलें. त्याच्यापाशीं स्वतः तयार केलेली तेरा इंची आरशाची दुर्बीण होती. त्या सुमारास ओल्या कांचेची नवी रीत निघाली होती. कांचेवर औषध ओतायचें, तें ओलें आहे तोंवरच चित्र घ्यायचें आणि लगेच अंधाऱ्या खोलींत धुवायचें. सगळा खेळ कांहीं मिनिटांचा. डे ला रू याच्या दुर्बिणीला चंद्रामागें फिरविणारें घड्याळ नव्हतें. मग त्यानें चंद्रावरील एका खुणेवर नजर रोखली आणि दहा, वीस, तीस सेकंद दुर्बीण हातानेंच हलकेंहलकें सरकवीत ठेवली. १८५२ सालच्या अखेरीस चित्रें मिळालीं. पण हात कितीहि सधा असला तरी तो हातच, हें ओळखून त्यानें काम थांबविलें आणि १८५७ सालीं घड्याळाची जोड मिळाल्यावरच पुन्हा सुरू केलें.

त्यानंतर त्यानें एक नामी युक्ति केली. चंद्र पृथ्वीकडे नेहमीं एकच बाजू दाखवितो खरा, पण तो थोडा डोलतो. त्यामुळें वेगवेगळ्या महिन्यांत त्याचा चेहरा किंचित् वळलेला दिसतो. अशा दोन पौर्णिमांचीं चित्रें निवडून त्यानें तीं दोन डोळ्यांच्या भिंगपेटींत शेजारीं शेजारीं बसविलीं. पाहणाऱ्याला चंद्र ताटासारखा सपाट न दिसतां चेंडूसारखा गोल दिसूं लागला! माणसाचे दोन डोळे जणूं हजारों मैलांच्या अंतरावर नेऊन ठेवावे तसें तें झालें.

परंतु त्याचें खरें मोठें काम निराळेंच आहे. खग्रास सूर्यग्रहणांत काळ्या चंद्रबिंबाच्या कडेला तांबड्या ज्वाला दिसतात. त्या सूर्याच्या कीं चंद्राच्या, हा त्या काळीं विद्वानांत मोठा वाद होता. डोळ्यांनीं पाहणाऱ्यांचीं वर्णनें एकमेकांशीं जुळत नसत. दोन-तीन मिनिटांच्या त्या धांदलींत हातानें काढलेल्या आकृतींवर कोण विश्वास ठेवणार? १८ जुलै १८६० रोजीं स्पेनमध्यें ग्रहण दिसणार होतें. डे ला रू आपलीं यंत्रें घेऊन उत्तर स्पेनमधील रिव्हाबेयोसा या गांवीं गेला. त्याच ग्रहणाचीं चित्रें तेथून शेंकडों किलोमीटर दूर, भूमध्यसमुद्राच्या बाजूला, सेक्की नांवाच्या इटालियन पाद्री-ज्योतिष्याच्या पक्षानेंहि घेतलीं. दोघांच्या कांचा ताडून पाहिल्या तेव्हां दोन्ही ठिकाणच्या ज्वालांचे आकार तेच निघाले. शिवाय डे ला रू याच्या ओळीनें घेतलेल्या चित्रांत चंद्र पुढें सरकतांना एका बाजूच्या ज्वाला झांकीत आणि दुसऱ्या बाजूच्या उघड्या करीत गेलेला स्पष्ट दिसला. ज्वाला चंद्राच्या असत्या तर त्या चंद्राबरोबर सरकल्या असत्या. वाद मिटला. त्या सूर्याच्याच ठरल्या. १८६२ सालीं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें या कारखानदाराला आपलें सुवर्णपदक दिलें.

येथें एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. हा निकाल लागला तो चित्रें सुंदर होतीं म्हणून नव्हे. त्या कांचांवर जें उमटलें तें आकाशांतूनच आलेलें होतें, कोणाच्या हातचें नव्हतें, हा भरंवसा सर्वांना होता, म्हणून लागला. छायाचित्राचें सारें बळ त्या भरंवशांत आहे.

आतां पुन्हा पौर्णिमेकडे वळावें. जाणत्या हौशी लोकांत पौर्णिमेच्या चंद्राविषयीं एक तक्रार आहे. ते म्हणतात, चंद्र पाहावा तो अष्टमीचा. पौर्णिमेला तो सपाट दिसतो. हें खरें आहे. पाठीशीं सूर्य घेऊन नांगरलेल्या शेताकडे पाहिलें तर ढेंकळांच्या सावल्या ढेंकळांमागेंच लपतात आणि शेत गुळगुळीत भासतें. तेंच शेत कडेनें ऊन पडलें असतां उंचसखल दिसतें. पौर्णिमेला सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशीं असतो. चंद्रावरची एकहि सावली दिसत नाहीं, डोंगर आणि खड्डे लोपतात. याच कारणानें पौर्णिमेचें चांदणें अष्टमीच्या दुप्पट नसून सुमारें दसपट असतें. सावल्या गेल्या आणि सगळी धूळ सरळ समोर चमकूं लागली. अष्टमीच्या चंद्राला म्हणून शटर चौपट-पांचपट वेळ उघडें ठेवावें लागतें.

पण जें अष्टमीला दिसत नाहीं तें पौर्णिमेलाच दिसतें. बिंबाच्या दक्षिण भागांत एक तेजस्वी बिंदु आहे आणि त्यापासून पांढरे पट्टे चारी दिशांना पसरलेले आहेत, जणूं खरबुजाच्या देंठापासून निघालेल्या रेषा. तें टायको नांवाचें विवर. त्याची रुंदी सुमारें ८५ किलोमीटर, पण पट्टे हजार-पंधराशें किलोमीटरांपर्यंत गेलेले. दहा-अकरा कोटि वर्षांपूर्वीं एक मोठा पाषाण चंद्रावर आदळला आणि त्याच्या तडाख्यानें उडालेला चुरा असा दूरवर पसरला. चंद्राच्या मानानें ही अगदीं ताजी घटना. ससा म्हणून ज्याला ओळखतात ते काळसर भाग म्हणजे लाव्हारसाचीं थिजलेलीं मैदानें. जुन्या ज्योतिष्यांनीं त्यांना समुद्र समजून नांवें दिलीं, तीं अजून टिकून आहेत. त्यांपैकीं शांतिसागर या नांवाच्या मैदानावर १९६९ च्या जुलै महिन्यांत मनुष्याचें पहिलें पाऊल पडलें. आणि टायकोच्याहि खालीं, दक्षिणेच्या अगदीं कडेजवळच्या भागांत, २३ ऑगस्ट २०२३ रोजीं भारताचें चांद्रयान-३ उतरलें. चित्रांत तें यान दिसणार नाहीं, पण मुलांना जागा बोटानें दाखवितां येते.

पौर्णिमेच्या चित्रांतून आणखीहि एक गुप्त गोष्ट बाहेर काढतां येते. चंद्र करड्या रंगाचा दिसतो, तरी त्याच्या निरनिराळ्या भागांत रंगाचा अत्यंत सूक्ष्म भेद आहे. संगणकावर चित्रांतील रंग हळूहळू वाढवीत नेले तर शांतिसागर निळसर होतो, आणि दुसरीं कित्येक मैदानें तांबूस होतात. शांतिसागराच्या खडकांत टायटेनियम या धातूचें प्रमाण बरेंच आहे, म्हणून हा निळेपणा. अंतराळवीरांनीं आणलेल्या दगडांची तपासणीहि हेंच सांगते. असें चित्र पाहून कोणी म्हणेल, हा रंग खोटा आहे. तसें नाहीं. तो वाढविलेला आहे. बाहेरून घातलेला नाहीं. वाढविणें आणि घालणें यांतला भेद पुढें उपयोगी पडेल.

साधनें कितीहि चांगलीं असलीं तरी शेवटचा शब्द हवेचा असतो. चंद्रावरील एक विकला म्हणजे सुमारें १.९ किलोमीटर. चार इंची दुर्बिणीला त्याच्याच आसपासचा तपशील दाखवितां यावा. पण मधली हवा चुलीवरच्या वाफेप्रमाणें हलत असते आणि तो तपशील पुसून टाकते. दिवसभर तापलेली गच्ची संध्याकाळीं ऊष्मा सोडीत असते. म्हणून मध्यरात्रीनंतर, चंद्र माथ्यावर आला असतां, चित्र अधिक रेखीव येतें. महाराष्ट्रांत आषाढ-श्रावणाच्या पौर्णिमा बहुधा ढगांत जातात. कोजागिरीला आकाश धुतलेलें असतें, मात्र उत्तररात्रीं भिंगावर दंव धरतें. मऊ फडकें जवळ ठेवावें. मार्गशीर्ष-पौषांत चंद्र जवळ जवळ डोक्यावर येतो, आणि तीच या कामाला उत्तम वेळ. आजच्या हौशी लोकांनीं हवेवर एक उपाय काढला आहे. ते एक चित्र न घेतां कांहीं मिनिटांत शेंकडों घेतात; त्यांतलीं हवा क्षणभर स्थिर असतांना आलेलीं चित्रें संगणकाकडून निवडवितात आणि तीं एकावर एक रचून त्यांची सरासरी काढतात. शंभर चित्रें रचलीं तर चित्रांतला रवाळपणा दशांशावर येतो. हें सर्व शिकण्याची इच्छा असणाऱ्यांना मार्गदर्शनहि दुर्मीळ नाहीं; पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांचेंच काम करीत आहे.

कित्येकांना नुसता चंद्र नको असतो. देवळाच्या शिखराशेजारीं किंवा गडाच्या बुरुजावर उगवणारा भला मोठा चंद्र हवा असतो. तोहि प्रामाणिकपणें मिळतो. वीस मीटर उंचीचें शिखर सुमारें २३०० मीटरांवरून बरोबर चंद्राएवढें दिसतें. तेवढ्या दूर जाऊन लांब नाभ्यंतराचें भिंग लावलें, आणि चंद्र कोठें उगवेल याचें गणित आधीं करून उभें राहिलें, तर शिखराएवढा चंद्र शिखरामागें खरोखर उगवतो. दिवस मात्र चतुर्दशीचा धरावा. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि तो क्षितिजाच्या धुळींतून नीट वर येईपर्यंत जमिनीवर अंधार होतो. आदल्या दिवशीं तो पाऊण-एक तास अगोदर येतो, त्यामुळें चंद्र आणि जमीन दोन्हींवर सारखा उजेड असतो. हा मेळ थोडाच वेळ टिकतो.

तो किती थोडा वेळ टिकतो याची साक्ष ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराच्या एका जगप्रसिद्ध चित्रांत आहे. न्यू मेक्सिको प्रांतांत हर्नांडेझ नांवाच्या खेड्यावरून मोटारीनें जातांना त्यानें पाहिलें, पूर्वेला पौर्णिमेच्या जवळचा चंद्र वर आला आहे आणि मावळतें ऊन स्मशानांतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलें आहे. त्यानें घाईघाईनें कॅमेरा मांडला, पण प्रकाश मोजण्याचें यंत्र कांहीं केल्या सांपडेना. तेव्हां चंद्राचें तेज नक्की किती असतें तो आंकडा त्याला आठवला आणि त्यावरून त्यानें हिशेब केला. एक चित्र घेतलें. दुसऱ्यासाठीं फिल्म उलटवितो तों क्रुसांवरचें ऊन गेलें होतें. पुढें हें चित्र कोणत्या सालचें तें त्याला स्वतःलाच सांगतां येईना. तो निरनिराळ्या वेळीं निरनिराळें साल सांगे. त्याच्या मृत्यूनंतर, १९९१ सालीं, डेनिस डि सिको या खगोलाभ्यासकानें चित्रांतील चंद्राच्या स्थानावरून गणित करून सांगितलें कीं, तें १ नोव्हेंबर १९४१ रोजीं सायंकाळीं ४ वाजून ४९ मिनिटांनीं घेतलें गेलें. ॲडम्सनें छापतांना आकाश पुष्कळ काळें केलें होतें, ढग दाबले होते. पण चंद्र त्यानें जागचा हलविला नव्हता. म्हणून पन्नास वर्षांनीं त्या चंद्रानें घड्याळासारखी वेळ सांगितली. घेणारा विसरला, तरी चित्र विसरलें नाहीं.

आतांच्या काळांत ही साक्ष धोक्यांत आली आहे. हातांतल्या फोनमध्येंच आज कॅमेरा असतो, आणि कांहीं फोन चंद्राचीं थक्क करणारीं चित्रें काढतात. २०२३ सालीं एका हौशी माणसाला शंका आली. त्यानें चंद्राचें एक चित्र घेऊन तें मुद्दाम अगदीं लहान आणि धूसर केलें, सगळा तपशील पुसून टाकला, तें संगणकाच्या पडद्यावर लावलें, खोलींत अंधार केला, आणि दुरून फोननें त्याचा फोटो काढला. फोनच्या चित्रांत विवरें उमटलीं! जीं समोर नव्हतींच तीं आलीं कोठून? समोर चंद्र आहे असें ओळखून, पूर्वीं पाहिलेल्या असंख्य चंद्रचित्रांवरून शिकलेला तपशील त्या यंत्रानें आपल्या पदरचा भरला होता. कंपनीनेंहि पुढें खुलासा केला कीं, चंद्र ओळखून त्याचा तपशील उठावदार करण्याची योजना त्या फोनमध्यें आहे.

यांत बिघडलें काय, असें पुष्कळ जण विचारतील. चंद्राचा चेहरा तर बदलत नाहीं. मग तो खिडकींतून आला काय आणि यंत्राच्या स्मरणांतून आला काय, सारखाच. पण १८६० च्या त्या कांचा आठवाव्या. त्या काळच्या यंत्रालाहि ज्वाला कशा असाव्यात याविषयीं आधींच कांहीं मत असतें, आणि त्या मताप्रमाणें त्यानें त्या रंगविल्या असत्या, तर वाद कधींहि सुटला नसता. जें यंत्र पाहण्यापूर्वींच काय दिसायचें तें ठरवून बसतें, तें नवें असें कांहींच पाहूं शकत नाहीं. चंद्रावर उद्यां एखादा मोठा पाषाण आदळून नवा डाग उमटला, तर असें यंत्र तो डाग पुसून जुना चेहरा रंगवील आणि पाहणाऱ्याला कळणारहि नाहीं.

सुंदर चित्रच हवें असेल तर तें मिळविण्यासाठीं रात्रीं गच्चीवर जाण्याचें कारण नाहीं. २००९ पासून एक अमेरिकन यान चंद्राभोंवतीं फिरून त्याचे जे फोटो पाठवीत आलें आहे, त्यांची बरोबरी कोणत्याहि गच्चीवरून होणार नाहीं. हौशी माणसाच्या चित्राची किंमत निराळ्या ठिकाणीं आहे. त्या रात्रीं, त्या गांवीं, तशा हवेंत चंद्र असा दिसला, इतकेंच तें सांगतें; आणि तें खरें सांगतें. म्हणून चित्र कसेंहि येवो, त्यामागें तारीख, वेळ, ठिकाण आणि घेतलेलीं मापें लिहून ठेवावीं. रंग वाढविला असेल तर तसें लिहावें. दोन चित्रें जोडलीं असतील तर तसेंहि लिहावें. एवढी टीप ज्याच्यामागें आहे तें पुसट चित्रहि उद्यां कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

कोजागिरीच्या त्या गच्चीवर दूध एव्हांना आटलें आहे. गृहस्थानें यंत्राची स्वयंचलित व्यवस्था बंद केली आहे, छिद्र एफ/११ वर आणलें आहे, शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवलें आहे, आणि शेजाऱ्याकडून लांब भिंग मागून आणून तें घोडीवर चढविलें आहे. पुन्हा कळ दाबली जाते. या खेपेस पडद्यावर एक लहानसें करडें बिंब उमटतें. कडा थोड्या कांपऱ्या, खालच्या अंगाला फिकट पट्टे. मुलगी तें डोळ्यांजवळ नेऊन पाहते, मग मान वर करून आकाशांत पाहते, पुन्हा चित्रांत पाहते. "बाबा," ती म्हणते, "ससा दोन्हीकडे तोच आहे." बाप खिशांतून वही काढतो आणि वेळ लिहून ठेवतो.